तांबं साठतं तेव्हा

मुलुंडच्या आमच्या महिला मंडळातल्या एका मैत्रिणीच्या मुलाचं अक्षर नववीत अचानक बिघडलं. हातातला कप हिंदकळायचा, बोलणं जड झालं. ‘अभ्यास नको म्हणून नाटकं!’ घरात सगळे ओरडायचे. खरं सांगते, ‘वय आहे, होईल नीट,’ असं मीही म्हणाले होते. वर्षभरानं डोळ्यांच्या डॉक्टरांना त्याच्या बुबुळाच्या कडेला तपकिरी कडं दिसलं, आणि निदान झालं : विल्सनचा आजार.

मैत्रिणींनो, रोजच्या जेवणातून थोडं तांबं आपल्या पोटात जातंच. शरीराला ते लागतंही. जास्तीचं तांबं यकृत पित्तावाटे बाहेर टाकतं. त्यासाठी यकृताच्या पेशींत एक प्रथिन असतं, तांबं वाहून नेणारा हमालच म्हणा ना! या हमालाचं जनुक १९९३मध्ये सापडलं. आई आणि वडील, दोघांकडूनही ते बिघडलेलं आलं, तर तांबं आधी यकृतात, मग मेंदूत साठत जातं. आईवडील मात्र ठणठणीत, कारण त्यांच्याकडे जनुकाची एक चांगली प्रत असते.

‘तुझ्या माहेरचा रोग,’ सासूबाई म्हणाल्या. आणि त्या तिच्या सख्ख्या आत्या! नात्यातल्या लग्नात एकच बिघाड दोघांकडे असण्याची शक्यता वाढते, हे त्यांना कोण सांगणार?

‘माझ्या तांब्याच्या हंड्यामुळे झालं का गं?’ ती रडत विचारायची. शंका अगदीच वेडी नव्हती. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि ब्रिटनचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी १९८०च्या दशकात तान्ह्या मुलांच्या यकृताच्या एका जीवघेण्या आजाराचा संबंध पितळेच्या, तांब्याच्या भांड्यात तापवलेल्या दुधाशी दाखवला होता. भांडी बदलली आणि तो आजार जवळजवळ दिसेनासा झाला. विल्सनचा आजार भांडी बदलून टळत नाही. पथ्य मात्र असतं : तांब्याच्या भांड्यातलं पाणी, कलेजी, तिसऱ्या, चॉकलेट बंद.

प्रत्येक सख्ख्या भावंडाला हा आजार असण्याची शक्यता चारात एक. म्हणून डॉक्टरांनी धाकटीचं रक्त आणि चोवीस तासांची लघवी तपासली. अकरा वर्षांची पोर, काहीही त्रास नाही, तरी निघालाच. पण वेळेत. पेनिसिलामाइन साठलेलं तांबं लघवीवाटे काढतं, झिंक ते अन्नातून शोषू देत नाही. औषध जन्मभर घ्यायचं. बरं वाटलं म्हणून सोडलं, तर यकृत निकामी होऊ शकतं.

मुलाचं अक्षर पुष्कळ सुधारलंय, बोलताना अजून अडखळतो. धाकटी कबड्डी खेळते. हंडा माळ्यावर गेला. गोळी उपाशीपोटी घ्यायची, म्हणून सकाळी साडेसहाचा गजर आता सासूबाईच लावतात.