मालमोटारीचा पंखा आणि डिझेलची बचत

रत्नागिरीहून आंबा व मासळी भरून कोल्हापुराकडे जाणाऱ्या मालमोटारी पाली, साखरपा हीं गांवें मागें टाकून आंबा घाटाच्या पायथ्याशीं येतात. ह्या धंद्यांत डिझेलचा खर्च मोठा. म्हणून "पंख्याचा क्लच नवा बसवा, डिझेल वांचेल" असें कोणीं सांगितलें कीं मालकाचें मन तिकडे ओढ घेतें. ह्या सांगण्यांत तथ्य किती, हें थोडक्यांत पाहूं.

डिझेल जळून जी उष्णता उत्पन्न होते, तिचा ढोबळ मानानें तिसरा हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक भाग प्रत्यक्ष कामीं येतो. बाकीची कांहीं धुराबरोबर निघून जाते व कांहीं इंजिनाभोंवतालच्या पाण्यांत उतरते. तें पाणी रेडिएटरमध्यें निवतें. आणि समोरून येणारा वारा अपुरा पडला, म्हणजे पंखा हवा ओढून घेतो. पंखा फिरतो तो इंजिनाच्याच बळावर. अर्थात् तोही डिझेल खातो.

येथें गणिताचा एक नियम ध्यानांत ठेवावा. पंख्यास लागणारी शक्ति त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणांत वाढते. समजा, मिनिटास २००० फेरे करितांना त्यास ८ अश्वशक्ति लागते. तर १००० फेऱ्यांस एकच पुरते. वेग निम्मा, पण खर्च अष्टमांश! गरज नसतां पंखा मंद ठेवणें हें क्लचचें काम. साध्या क्लचमध्यें सिलिकॉनचें दाट तेल असतें. रेडिएटरमधून येणारी हवा तापली कीं दोन धातूंची जोडपट्टी वांकते, झडप उघडते, तेल फिरत्या भागांच्या फटींत शिरतें आणि पंखा वेग घेतो. हवा निवली कीं तेल परत जातें व पंखा मंदावतो.

आतां मूळ प्रश्न. पंखा क्लचावांचून पट्ट्यालाच जखडलेला असेल, तर तो सपाटीवर विनाकारण फिरतो; तेथें क्लच बसविल्यास डिझेल खचित वांचेल. चांगला क्लच अगोदरच असेल, तर विजेच्या नियंत्रणाचा महाग क्लच घेऊन लाभ अल्पच. तो इंजिनाचें तापमान थेट ओळखून पंखा वेळेवर चालू-बंद करितो, इतकाच फरक. जुना क्लच अडकला असेल, तर आधीं तो दुरुस्त करावा. इंजिन बंद व थंड असतां पंखा हातानें फिरवून पाहावा: मुळींच हलला नाहीं तर क्लच अडकला, भिंगरीसारखा फिरत राहिला तर तेल गळालें.

घाटांत मात्र कोणत्याही क्लचची मात्रा फारशी चालत नाहीं. चढावर इंजिनावर पूर्ण भार, गाडी मंद, वारा नाहीं. तेव्हां पंखा फिरलाच पाहिजे. त्यांत हापुसाचा हंगाम ऐन उन्हाळ्याचा! ज्या महिन्यांत मोटार अधिक कमावते, त्याच महिन्यांत ही बचत आखडते. मलकापुरापुढें देशावरच्या मोकळ्या रस्त्यावर ती पुनः सुरू होते. बचतीच्या लोभानें कोणी पंखाच काढून टाकील, आणि चढावर इंजिन तापून हेड गॅस्केट जळेल, तर वर्षाची बचत एका दिवसांत जाऊन माल वाटेंतच नासेल.

म्हणून खरेदीपूर्वीं हिशेब करावा. महिन्यास १००० लिटर डिझेल लागतें व शेंकडा २ वांचतें असें धरिलें, तर बचत २० लिटरांची. क्लचच्या किंमतीस २० लिटरांच्या किंमतीनें भागावें; जो भागाकार येईल, तितक्या महिन्यांनीं पैसा वसूल होईल. तथापि शेंकडा २ ची बचत एका खेपेंत दिसत नाहीं. टायरमधील कमी हवा किंवा फाटकाशीं इंजिन चालू ठेवून घालविलेला अर्धा तासही ती झांकून टाकतो. टांकी कांठोकांठ भरून, तोच मार्ग, तोच भार व तोच चालक ठेवून, क्लच बदलण्यापूर्वीं एक महिना व नंतर एक महिना किलोमीटर आणि लिटर लिहून ठेवावे.

विद्यार्थी मित्रहो, ज्यांच्या घरीं मालमोटार आहे, त्यांनीं ही वही आपल्या हातीं घ्यावी. वडिलांना विक्रेत्याच्या शब्दापेक्षां तिचाच आधार अधिक होईल.