मनोरुग्णांचे आईबाप आणि त्यांची मागणी

सेवानिवृत्त होणाऱ्या कर्मचाऱ्याला कुटुंबीयांची माहिती एका ठरावीक नमुन्यात भरून द्यावी लागते. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ यांत अशी तरतूद आहे की, कर्मचाऱ्याचा मुलगा वा मुलगी मानसिक विकारामुळे उपजीविका करण्यास असमर्थ असेल, तर नेहमीची वयोमर्यादा ओलांडल्यावरही त्या अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. केंद्राच्या नियमांतही ही सोय जुनीच आहे. कित्येकांना तिची माहिती नसते. आणि ज्यांना असते त्यांतील काहीजण मुलाच्या नावापुढे 'मानसिक आजार' हे शब्द लिहावयास धजत नाहीत. कागद कचेरीतल्याच कोणाच्या तरी हाती पडणार असतो, आणि धाकट्या मुलीचे लग्न व्हावयाचे असते. हक्क कायद्यात आहे, पण तो मागावयास तोंड उघडावे लागते, ही या प्रश्नाची पहिली अडचण होय.

स्किझोफ्रेनियासारखा आजार बहुधा ऐन तारुण्यात, महाविद्यालयीन वयात किंवा पहिल्या नोकरीच्या सुमारास, प्रकट होतो. त्या वेळी आईबाप पन्नाशीच्या आसपास असतात. मुलगा चाळिशीला पोहोचतो तेव्हा बाप सत्तरीत असतो, आणि 'आमच्यामागे याचे कोण?' हा प्रश्न त्या घरात रोज जेवावयास बसतो. बंगळूरच्या 'निम्हान्स' संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत तीव्र मानसिक विकारांचे प्रौढांमधील तत्कालीन प्रमाण ०.८ टक्का आढळले. त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. तथापि तेच प्रमाण येथे धरले तर २०११ च्या लोकसंख्येनुसारही हा आकडा पाच-सहा लाखांच्या घरात जातो. अनुमान ढोबळ आहे, हे मान्य. पण राज्यातील प्रादेशिक मनोरुग्णालये चार : येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. उरलेला भार कोणाच्या शिरावर आहे हे सांगण्यास वेगळ्या पाहणीची गरज नाही.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता हा भार मोठा चमत्कारिक आहे. औषधाचे पैसे हा खर्चाचा दिसणारा भाग. आईने सोडलेली नोकरी, बापाने नाकारलेली बदली आणि बढती, बहिणीचे लांबलेले शिक्षण यांची नोंद कोणत्याच वहीत होत नाही. हेच काम पगारी परिचारिकेने केले तर ते राष्ट्रीय उत्पन्नात मोजले जाते. आईने वीस वर्षे केले तर त्याची किंमत शून्य! निराधारांसाठी शासनाचे अनुदान आहे खरे, पण त्याची उत्पन्नमर्यादा इतकी खाली आहे की शिक्षक-कारकुनांची घरे तिच्या बाहेरच राहतात.

कायद्याची वाटचाल पाहिली तर ती निश्चितच पुढची आहे. १९१२ च्या कायद्याच्या नावातच 'वेड' होते. १९८७ च्या कायद्याने ते काढले. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला आणि त्याने रुग्णाला हक्क दिले. सज्ञान व्यक्तीने आपला प्रतिनिधी स्वतः नेमावा, असे हा कायदा म्हणतो. येथेच अनेक आईबाप दुखावले आहेत. ज्याला आपण जन्मभर सांभाळले, त्याच्याविषयी निर्णय घेण्याचा अधिकार आपला राहिला नाही, असे त्यांना वाटते. वस्तुतः रुग्णाने कोणास नेमले नसेल तर नातेवाइकालाच प्रतिनिधी मानले जाते, आणि आजार बळावल्यास त्याच्या अर्जावरून, ठरावीक अटींवर, तीस दिवसांपर्यंत रुग्णालयात दाखल करता येते. मालमत्तेविषयीची त्यांची तक्रार मात्र रास्त आहे. १९८७ च्या कायद्यात जिल्हा न्यायालयाकडून पालक वा व्यवस्थापक नेमून घेण्याची सोय होती. नव्या कायद्यात ती नाही. स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता इत्यादींसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे, त्यात मानसिक आजाराचा समावेश नाही. उरतो तो २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील मर्यादित पालकत्वाचा मार्ग, किंवा १८८२ च्या कायद्याखाली खाजगी विश्वस्त निधी. तो ज्याच्याजवळ मागे ठेवण्यासारखे काही आहे त्याच्यासाठी.

म्हणून जुने संपूर्ण पालकत्व परत आणावे काय? प्रस्तुत लेखकाचे उत्तर नकारार्थी आहे. आप्तांच्या सहीने आत गेलेली आणि आप्तांनीच विसरलेली माणसे, विशेषतः स्त्रिया, आपल्या मनोरुग्णालयांनी पुष्कळ पाहिली आहेत. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे आगीत जे अठ्ठावीस रुग्ण दगावले, ते साखळदंडांनी जखडलेले होते आणि तेथे त्यांना बहुतांशी घरच्यांनीच आणून सोडले होते. आईबापांनी भांडावे, पण ते मुलाच्या हक्कासाठी. त्याच्यावरील हक्कासाठी नव्हे.

भांडण्यासारखे पुष्कळ आहे. १९९५ च्या कायद्याने मानसिक आजाराला अपंगत्व मानले, पण नोकरीत राखीव जागा दिली नाही. २०१६ च्या कायद्याने दिली ती एक टक्का, आणि तीही इतर गटांबरोबर वाटून घ्यावयाची. त्यासाठी किमान चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला हवा. स्वतःची देखभाल, परस्परसंबंध, संवाद आणि काम यांवरून ते ठरते. आजार चढउताराचा असल्यामुळे औषधाने जरा सावरलेला मुलगा मोजणीत कमी भरतो. बरे वाटण्याचा असाही दंड! शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजाराचाही विमा उतरवावा असे २०१७ च्या कायद्याचे एकविसावे कलम सांगते. विमा नाकारला गेल्यास ते पुढे करण्याचे काम घरच्यांनाच करावे लागेल.

एकेकट्याने हे साधत नाही. अमेरिकेत मॅडिसन येथे १९७९ मध्ये आईबापांच्याच पुढाकाराने या क्षेत्रातील राष्ट्रीय संघटना उभी राहिली. आपल्याकडे डॉ. जगन्नाथ वाणी या कॅनडातील प्राध्यापकांनी, पत्नीच्या आजाराच्या अनुभवातून, पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनच्या कामाचा पाया घातला. 'देवराई' (२००४) या चित्रपटामागेही त्यांचे पाठबळ होते. त्या चित्रपटाने हा शब्द मराठी घरांत उच्चारण्याजोगा केला, हे काही लहान काम नव्हे.

सर्वांत मोठी उणीव आहे ती निवाऱ्याची. केवळ घर नाही वा घरचे स्वीकारत नाहीत म्हणून कोणासही रुग्णालयात ठेवू नये, आणि अशांसाठी शासनाने समाजातच लहान निवासगृहे उभारावीत, असे एकोणिसावे कलम सांगते. प्रत्यक्षात काय घडले? बऱ्या झालेल्या रुग्णांना महाराष्ट्रात भिक्षेकरीगृहांत आणि वृद्धाश्रमांत हलविले जात असल्याचे सर्वोच्च न्यायालयापुढे आले, आणि जुलै २०२१ मध्ये न्यायालयाने हा प्रकार तत्काळ थांबविण्यास सांगितले. दहा-बारा जणांचे एक घर, एक स्वयंपाकी, एक काळजीवाहक, आठवड्यातून एकदा डॉक्टरांची फेरी : असे प्रत्येक जिल्ह्यात एक घर चालविण्यास किती खर्च येईल, याचा हिशेब अर्थसंकल्पापूर्वी आपल्या आमदाराकडे मागावयास शिक्षकांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या संघटनांना कोणाची हरकत आहे? त्यांच्या सभासदांतच असे आईबाप आहेत.