छावणीच्या मुदपाकखान्यास भांडी व चुली कशा असाव्यात

दुष्काळनिवारणाच्या कामी उदार हस्ताने साहाय्य करणारे व्यापारी व जमीनदार बंधू धान्याची पारख कमिटीहून अधिक चांगली जाणतात. ज्वारीचे पोते बोटांत चार दाणे धरून ते पसंत किंवा नापसंत करू शकतात. परंतु त्याच धान्याचे पाचशे माणसांच्या मुखी पडण्याजोगे अन्न करावयाचे झाल्यास कोणते भांडे लागते, कोणती चूल लागते व किती सरपण जळते, हा प्रश्न त्यांजकडून वारंवार विचारला जातो. कित्येक दाते घरातील वडिलोपार्जित पितळी हंडे मोठ्या ममतेने पाठवितात, तर कित्येक लग्नाच्या आहेरात आलेली पातळ स्टीलची पातेली पाठवितात. हेतू दोहोंचाही स्तुत्य. उपयोग मात्र दोहोंचाही थोडा. मोठ्या भांड्यातील खिचडी एकदा खाली लागली म्हणजे शंभर माणसांपुढे दोनच मार्ग उरतात, करपलेले खाणे किंवा उपाशी राहणे. आणि उपाशी मनुष्य तक्रार करीत नाही, म्हणून ही हानी कोणाच्या हिशेबात दिसत नाही. यास्तव हे प्रकरण थोडे विस्ताराने लिहीत आहोत.

आपल्या प्रांतात दुष्काळपीडितांस शिजविलेले अन्न देण्याची रीत जुनी आहे. १८७७ साली जोतीराव फुले व सत्यशोधक समाजाची मंडळी यांनी पुण्याजवळ धनकवडी येथे दुष्काळग्रस्त मुलांच्या अन्नाची सोय केली होती. १९७२ च्या दुष्काळात कामावरील मजुरांना व मुलांना सुकडी वाटली गेली. ती कोरडी व टिकाऊ असल्यामुळे कामाच्या जागी चूल पेटवावी लागत नसे, आणि हा तिचा गुण आज विसरला जातो. पुढे २०१३ व २०१९ साली मराठवाडा, सोलापूर व नगर या भागांत जनावरांच्या चारा छावण्या उघडल्या, तेव्हा जनावरांबरोबर माणसेही महिनोन् महिने तेथेच राहिली. अशा छावणीचा मुदपाकखाना डोळ्यांपुढे ठेवूनच पुढील विवेचन केले आहे. उघड्या माळावर वारा, जवळपास झाड नाही, पाणी टँकरचे. या तीन गोष्टी लक्षात ठेवल्याशिवाय भांडे खरेदी करू नये.

प्रथम आकाराचा विचार. एका माणसास एका वेळी डाळ व तांदूळ मिळून २०० ग्रॅम धरले, तर पाचशे माणसांस १०० किलो धान्य लागते. खिचडीस तिप्पट पाणी म्हणजे ३०० लिटर. धान्याने व्यापलेली जागा सुमारे ७० लिटर. उकळी फुटून बाहेर येऊ नये व ढवळता यावे म्हणून वरचा चौथा हिस्सा मोकळा ठेवावयाचा, तेव्हा एकूण माप ५०० लिटरांच्या आसपास जाते. म्हणजे माणशी एक लिटर भांडे, हे सूत्र खिचडीपुरते लक्षात ठेवण्यास सोपे आहे. आता हे ५०० लिटर दोन अजस्र देगांत करावयाचे की पाच पातेल्यांत? पुष्कळांस देग भव्य दिसते म्हणून आवडते. आमचे मत स्पष्टपणे याच्या विरुद्ध आहे. अडीचशे लिटरांच्या देगेत तळापर्यंत उलथणे पोहोचविणे कष्टाचे होते, त्यामुळे खाली करपते व वर कच्चे राहते; भरलेली देग चुलीवरून उतरविता येत नाही; आणि ती बिघडली म्हणजे निम्मी पंगत बुडाली. शंभर लिटरांचे पातेले भरले असता ऐंशी किलोंच्या वर भरते, तरी त्यास भक्कम कडी असतील तर वेळू घालून चौघे जण ते बेताने उतरवू शकतात. शिवाय एक पातेले म्हणजे शंभर माणसे, असा हिशेब आपोआप जुळतो. माणसे कमी झाली तर एक चूल विझवावी, वाढली तर एक पेटवावी. भांड्याची रुंदी व खोली साधारण सारखी असावी. अरुंद व खोल भांडे ढवळण्यास वाईट, अति पसरट भांड्यातून वाफ फार जाते.

धातूविषयी पुष्कळ गैरसमज आहेत. पितळ व तांबे उष्णता उत्तम पसरवितात, परंतु त्यांस कल्हई हवी. कल्हई उडालेल्या भांड्यात चिंच, आमसूल किंवा ताक घातले की पदार्थ कळकतो, हे घरोघरी ठाऊक आहे. छावणीत दिवसातून दोनदा राखेने घासल्या जाणाऱ्या हंड्याची कल्हई फार दिवस टिकत नाही, आणि कल्हईवाला तर आता तालुक्याच्या गावीही शोधावा लागतो. म्हणून ज्यांचे हंडे आले आहेत त्यांचा आदर राखून ते आम्ही पाणी साठविण्यास लावतो. स्टीलला आंबटाचे भय नाही, पण त्यातून उष्णता फार सावकाश पसरते. ॲल्युमिनियमशी तुलना करता ही शक्ती सुमारे पंधरावा हिस्साच आहे. पातळ स्टीलच्या तळाशी जेथे ज्वाळा लागते तेथेच अन्न करपते, बाजूस ते निवांत असते. यास्तव खिचडी, भात व लापशी यांस जाड पत्र्याचे ॲल्युमिनियमचे पातेले घ्यावे, तळ अंगठ्याने दाबला असता लवता कामा नये; आणि आमटी, कढी, आमसुलाचे सार यांकरिता जाड तळाचे स्टीलचे एक पातेले निराळे ठेवावे, कारण आंबट पदार्थाने ॲल्युमिनियम झिजते. पिठले व फोडणी यांस लोखंडी कढईसारखे दुसरे काही नाही.

आता चूल व सरपण. खर्चाचे खरे मूळ येथे आहे, आणि भांड्यांची खरेदी करताना नेमका याचाच विचार राहून जातो. वर सांगितलेल्या एका पातेल्यातील पाणी व धान्य उकळीपर्यंत आणण्यास व थोडे पाणी वाफ होऊन जाते ते धरून सुमारे ८,००० किलोकॅलरी उष्णता प्रत्यक्ष भांड्यात उतरावी लागते. वाळलेले लाकूड किलोमागे साधारण ३,५०० किलोकॅलरी देते. परंतु तीन दगडांच्या उघड्या चुलीत त्यातील आठवा हिस्साच भांड्यास पोहोचतो, बाकी माळावरच्या वाऱ्यास तापवितो. म्हणजे एका पातेल्यास १८ ते १९ किलो लाकूड. तेच भांडे बंदिस्त, धुराडे असलेल्या व भांड्याभोवती जेमतेम बोटभर फट ठेवलेल्या चुलीवर चढविले, तर चौथा हिस्सा कामी येऊन ९ किलोंत भागते. पाच पातेली व दोन वेळा धरल्यास दिवसाचा फरक ९० किलोंच्या वर, महिन्याचा पावणेतीन टनांच्या आसपास. हे लाकूड कोठून यावयाचे? एरवी शेतकरी तुराट्या, पऱ्हाट्या व गोवऱ्या जाळतो. दुष्काळात कडब्याचे एकेक ताट जनावराच्या तोंडचा घास असते, ते चुलीत घालणे म्हणजे छावणी ज्यासाठी उघडली त्यालाच आग लावणे होय. मग उरते ती बाभूळ. ती तोडली म्हणजे पुढील वर्षीच्या शेळ्यांचा पाला व सावली गेली.

गॅसची भट्टी यादृष्टीने सोईची. गॅस किलोमागे सुमारे १०,९०० किलोकॅलरी देतो व त्यातील निम्म्याहून अधिक उष्णता भांड्यास लागते, तेव्हा एका पातेल्यास सव्वा ते दीड किलो पुरतो. व्यापारी वापराचे १९ किलोंचे एक सिलिंडर पाचशे माणसांस दीड दिवसाच्या आत संपेल असे धरून चालावे. पण दोन सावधगिऱ्या हव्यात. मोठ्या भट्ट्या एकाच सिलिंडरवर लाविल्या तर ते गारठून ज्वाळा मंदावते, म्हणून दोन सिलिंडरे एकत्र जोडावीत. आणि वाऱ्यास पत्र्याचा आडोसा केल्याखेरीज हा सर्व हिशेब व्यर्थ आहे. प्रायमस जातीचे रॉकेलचे स्टोव्ह शंभर लिटरांच्या भांड्याखाली ठेवणे म्हणजे विहीर पळीने उपसणे. रस्ता बंद पडून गॅस न आल्यास काम थांबू नये म्हणून दोन बंदिस्त चुली प्रत्येक छावणीत बांधलेल्या असाव्यात.

बंदिस्त चुलीचे महत्त्व पटविणारी एक कथा बोधप्रद आहे. आयर्लंडातील बटाट्याच्या दुष्काळात १८४७ साली ॲलेक्सिस सॉयर या प्रसिद्ध आचाऱ्याने डब्लिन येथे अन्नछत्र उभारले. मध्ये ३०० गॅलनांची एक मोठी कढाई, आणि घंटा होताच शंभर शंभर माणसांची पंगत. चमचे साखळीने बांधलेले. व्यवस्था नामी होती, परंतु ते सूप इतके पातळ होते की त्याने शरीराचे पोषण होत नाही असा आक्षेप ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्राने घेतला, आणि तो रास्त होता. पुढे १८५५ साली तो क्रिमियाच्या युद्धभूमीवर गेला व तेथे त्याने आपली शेगडी आणली. डबा बंद, विस्तव आत, भांडे त्याच्या पोटात. थोड्या सरपणात पाऊसवाऱ्यातही ती चाले. या जातीच्या शेगड्या ब्रिटिश सैन्याने १९८२ च्या फॉकलंड युद्धापर्यंत वापरल्या, यावरून रचनेचा कस कळतो.

सर्वांत स्वस्त साधन मात्र झाकण हे होय. एक लिटर पाणी उकळीपर्यंत आणण्यास ७५ किलोकॅलरी लागतात, तर त्याच पाण्याची वाफ होऊन जाण्यास ५४०, म्हणजे सातपट. उघड्या पातेल्यातून वर जाणारी वाफ हे जळालेले सरपणच असते. तेव्हा घट्ट बसणारे व वर मूठ असलेले झाकण नसेल ते पातेले देणगी म्हणून आले तरी अपुरेच समजावे. डाळतांदूळ शिजत आले की पातेले उतरवून पोती व कडब्याऐवजी जुन्या गोधड्यांनी चहूबाजूंनी गुंडाळले, तर शेवटची पंधरा वीस मिनिटे विस्तवावाचून निभतात. मात्र असे गुंडाळलेले अन्न गरम असतानाच वाढून टाकावे. कोमट स्थितीत तासन् तास ठेवलेला भात पोट बिघडविल्यावाचून राहत नाही.

लहान वस्तूंविषयी थोडक्यात. लांब दांड्याचे लाकडी उलथणे, सांडशी, दोन परात, आणि एकाच मापाची ओगराळी. ओगराळ्याचे माप सारखे नसेल तर पंगतीत एकास अधिक व एकास कमी जाते, व भांडणाचे पहिले कारण तेच होते. उकळलेल्या पिण्याच्या पाण्यास तोटी असलेली निराळी टाकी हवी, म्हणजे कोणी आत हात घालणार नाही.

भाकरीचा प्रश्न निराळाच. सोलापूरकडील मनुष्य आठ दिवस खिचडी खाऊन कंटाळतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. पण पाचशे माणसांस दोन दोन भाकरी म्हणजे हजार; एक बाई तासात पंचवीस तीस थापील, तर तेहतीस ते चाळीस तासांचे काम झाले. एवढ्या भाकऱ्या सार्वजनिक मुदपाकखान्यात करण्याचा हट्ट धरू नये. ज्या कुटुंबांचा मुक्काम महिन्याहून अधिक आहे त्यांस एक तवा, एक परात, एक पातेले व पत्र्याची लहान बंदिस्त चूल देऊन पीठ शिध्याने द्यावे. दुपारचे अन्न मात्र पंगतीत. रात्रीचा घास आपल्या हाताने करून मुलांस वाढता येणे याला त्या माउलीच्या लेखी जे मोल आहे, ते कमिटीच्या जमाखर्चात मांडता येत नाही.

अत्यंत अशक्त झालेली मुले व आजारी माणसे यांच्याकरिता पाच ते दहा लिटरांची तीन पातेली व एक लहान शेगडी निराळी ठेवणे अवश्य आहे. बहुत दिवसांच्या उपाशी देहास एकदम भरपेट अन्न दिले तर ते जिवावर बेतते. त्यांस वैद्याच्या सल्ल्याने थोडे थोडे, वेळोवेळी द्यावे लागते, आणि मोठ्या देगेतून पेलाभर पेज काढता येत नाही.

दात्यांनी भांडी पाठवावयाची असल्यास वरील मापे पाहून पाठवावीत. शक्य तर रोख रक्कम देऊन खरेदी कमिटीवर सोपवावी, म्हणजे पाचही पातेली एका मापाची, परस्परांची झाकणे बसणारी अशी मिळतात. प्रत्येक भांड्यावर क्रमांक ठोकून त्याची नोंद वहीत ठेवावयाची आहे. छावणी उठल्यावर ती घासून, पालथी घालून कोठीत ठेविली जातील व ज्या तालुक्यात पुढील टंचाई पडेल तेथे पावतीवर दिली जातील. दात्याचे नाव भांड्यावर घालावयाचे असेल तर ते बाहेरच्या काठावर घालावे, तळावर नको. तळ दर चार दिवसांनी काजळीपासून खरवडावा लागतो.