पिळाच्या जुळ्यांची मोजदाद

फोटॉनचे ध्रुवीकरण मोजले तर उत्तरे दोनच: उभे किंवा आडवे. पण प्रकाशाला पीळही असतो, मळसूत्रासारखा, आणि त्याच्या पायऱ्यांना सैद्धांतिक मर्यादा नाही. स्फटिकात जन्मलेले जुळे फोटॉन या पिळातही परस्परांत गुंतलेले असतात, हे व्हिएन्नात अँटोन झायलिंगर यांच्या गटाने २००१ मध्ये दाखवले.

मोजायचे कसे? होलोग्रामने पीळ उलगडायचा. नेमका उलगडलेला फोटॉनच बारीक प्रकाशतंतूत शिरतो. दोन्ही बाजूंचे शोधक एकाच वेळी वाजले की एक जोडी मोजली.

खरा घाम पुढे निघतो. पिळाच्या प्रत्येकी दहा पायऱ्या असलेल्या जोडीचे संपूर्ण वर्णन करायला ९,९९९ संख्या लागतात! सुदैवाने तेवढे करावे लागत नाही. एकाच प्रकारच्या मापनात जुळणारी उत्तरे आधीच जुळवून ठेवलेल्या, न गुंतलेल्या जोड्याही देतील. त्याला पूरक अशा दुसऱ्या मापनातही ती तितकीच जुळली, तर गुंतलेपण किमान किती मितींचे, म्हणजे किती पायऱ्यांचे, हे सिद्ध होते. २०१८ मध्ये प्रयोगाने दाखवले, की अशी दोनच मापने पुरतात.