भाकरीचा तुकडा नेमका कधी द्यायचा

औंढ्याहून वसमतकडे मोटारसायकलवर निघालं की वाटेतल्या एखाद्या आखाड्यावरून कुत्रं धावून येतंच. थोडं अंतर गाडीला चिकटून भुंकतं, मग शेपूट वर करून ऐटीत माघारी फिरतं. गाडीवरच्याला वाटतं, हे उगाच पिसाळल्यासारखं करतंय. कुत्र्याच्या बाजूनं पाहिलं तर मात्र त्याचा हिशेब चोख आहे. एक घरघरणारी वस्तू हद्दीत आली, आपण भुंकलो, ती पळाली. दुसरी आली, आपण भुंकलो, तीही पळाली. गाडी तशीही वसमतलाच चालली होती, हे त्याला कोण सांगणार? दिवसभरात जितक्या गाड्या, तितक्या वेळा त्याचा विजय झालेला असतो. हे कुत्रं बिघडलेलं नाही, पक्कं शिकलेलं आहे. फक्त त्याचा मास्तर रस्ता आहे, मालक नव्हे.

कुत्र्याचं सगळं शिकणं असंच चालतं. कृती केल्या-केल्या काही हवंसं मिळालं किंवा नकोसं टळलं, की ती कृती पुन्हा होते. हाती काहीच लागलं नाही, तर ती हळूहळू विरते. अमेरिकेतल्या एडवर्ड थॉर्नडाइकनं 1898 मध्ये हे मांजरांवर दाखवून दिलं. पेटीत कोंडलेलं मांजर आधी भलभलती धडपड करायचं. चुकून खटका उघडला की बाहेर खाणं मिळायचं, आणि पुढच्या वेळी तोच खटका लवकर उघडला जायचा. पुढे बी. एफ. स्किनरनं याचं सविस्तर शास्त्र केलं. आज ज्याला सकारात्मक प्रशिक्षण म्हणतात ते याच पायावर उभं आहे. नावावरून ते लाड करण्याचं काम वाटतं, पण खरं तर ते वेळ साधण्याचं काम आहे.

वेळ कशी चुकते ते पाहा. मोत्या शेजारच्या रानात गेलाय. तुम्ही ‘यू यू’ करून बोलावता. पहिल्यांदा तो ऐकत नाही, दुसऱ्यांदा ऐकत नाही, शेवटी येतो. तोवर तुमचा पारा चढलेला असतो, म्हणून आल्या-आल्या त्याला एक रट्टा बसतो किंवा गळ्यात साखळी पडते. तुमच्या लेखी ही शिक्षा उशिरा येण्याबद्दल आहे. मोत्याच्या लेखी ती येण्याबद्दल आहे, कारण रट्ट्याच्या अगदी आधी त्यानं केलेली गोष्ट म्हणजे येणं. दोन-चार दिवसांत तो हाताच्या टप्प्याबाहेर घोटाळायला लागतो आणि आपण त्याला बेरकी ठरवतो. कृती आणि फळ यांत एक-दोन सेकंदांहून जास्त अंतर पडलं, तर कुत्रं फळाची सांगड भलत्याच कृतीशी घालतं. सकाळी चावून ठेवलेल्या चपलेबद्दल संध्याकाळी त्याच्या नाकाशी चप्पल नाचवणं म्हणूनच फुकट जातं. तो कान पाडून बसतो तो पश्चात्तापानं नव्हे, तुमचा चेहरा पाहून.

पण दर वेळी सेकंदभरात तुकडा तोंडात कसा जाणार? त्यासाठी एक खुणेचा शब्द तयार करायचा. ‘हां!’ असा छोटा, तुटक आवाज चालतो. ‘शाब्बास रे माझ्या वाघा’ हे लांबतं, शिवाय आपण ते एरवीही म्हणत असतो. पहिले दोन दिवस काहीही काम न सांगता फक्त ‘हां!’ म्हणायचं आणि लगेच तुकडा द्यायचा, एका वेळी दहा-पंधरादा. हा भाग रशियाच्या पावलोवचा. त्याच्या प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांना मेट्रोनोमच्या टिकटिकीनंतर खाणं मिळायचं, आणि पुढे नुसत्या टिकटिकीनं त्यांच्या तोंडाला लाळ सुटायची. तुमच्या ‘हां!’ला कुत्र्यानं चटकन मान वळवली की शब्द तयार झाला. आता कृतीच्या क्षणी शब्द उच्चारायचा, तुकडा दोन सेकंद मागून आला तरी बिघडत नाही. स्किनरनं 1951 मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये घरच्या घरी प्राणी शिकवण्यावर लेख लिहिला, त्यात याच कामासाठी टिकटिक वाजणारं खेळणं सुचवलं होतं. आजचा क्लिकर तो हाच. आपला गळा मात्र फुकट आहे आणि शेतात कुठे हरवत नाही.

तुकडा कशाचा? रोज पोटभर मिळणाऱ्या ज्वारीच्या भाकरीला घराच्या ओसरीवर किंमत असते, पण समोरून शेळी पळत असताना नसते. अवघड कामाला उकडलेलं अंडं किंवा कलेजी, सोप्या कामाला भाकरी. आकार हरभऱ्याएवढा पुरे. कांद्यात परतलेलं काही नको. मनुका, द्राक्षं आणि चॉकलेटही नको, ही कुत्र्याला विषारी ठरतात. शिकवायचं ते कुत्रं भुकेलं असताना, एका वेळी चार-पाच मिनिटं, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात फक्त पहाटे किंवा दिवस मावळल्यावर. कुत्रं अंग थंड करतं ते मुख्यतः धापा टाकून. भर उन्हात जीभ बाहेर काढून उभ्या असलेल्या कुत्र्याला शिकायचं नसतं, सावली हवी असते.

आता ‘यू यू’ दुरुस्त करू. पाच पावलांवरून बोलवा. तुमच्याकडे वळताच ‘हां!’, पोचताच अंडं, आणि लगेच त्याला मोकळं सोडा. हे मोकळं सोडणं फार लोक विसरतात. बोलावलं की खेळ संपतो असं कुत्र्याला वाटू लागलं, तर अंडंही पुरत नाही. दहा हाका मारल्या तर नऊ वेळा परत जाऊ द्या, एकदाच बांधा. अंतर वाढवत न्या. आधी अंगणात, मग मोकळ्या रानात, सगळ्यात शेवटी दुसरी कुत्री दिसत असताना. आणि तो येणारच नाही अशी खात्री असेल तेव्हा हाक मारूच नका, जाऊन आणा. वाया गेलेली प्रत्येक हाक त्या शब्दाची किंमत कमी करते.

शिकवताना तुकडा दर वेळी द्यायचा. एकदा पक्कं झालं की मधूनच द्यायचा, कधी दुसऱ्यांदा, कधी सातव्यांदा. यानं सवय मोडत नाही, उलट घट्ट होते. मटक्याचा आकडा रोज लागला असता तर त्याचं इतकं वेड लागलं नसतं. हाच नियम घरात आपल्यावर उलटतो. जेवणाच्या ताटाशी येऊन कुंईकुंई करणाऱ्या कुत्र्याला सगळे हाकलतात, आजोबा मात्र महिन्यातून दोनदा हळूच घास सारतात. ते दोन घास महिनाभराची कुंईकुंई जगवतात. मग घरच्यांनी ठरवलं की आता कुणीच द्यायचं नाही, तर पहिले काही दिवस आवाज वाढतो, कारण कुत्रं जुनी युक्ती जास्त जोरानं करून पाहतं. नेमकं तिथे घर हरतं आणि कुणीतरी तुकडा फेकतं. कुत्रं काय शिकलं? हळू नव्हे, मोठ्यानं रडायचं. हा चढ पार केला की आवाज ओसरतो. त्याच वेळी ताटापासून दूर गोणपाटावर बसल्याबद्दल, जेवणं झाल्यावर, त्याचा वाटा तिथेच न्यायचा. नुसतं ‘हे करू नको’ कुत्र्याला कळत नाही, त्याला दुसरं काहीतरी करायला द्यावं लागतं.

काठीचा प्रश्न इथे येतोच. काठीनं काम होतं का? डोळ्यांदेखतचं होतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण पावलोवचा नियम काठीलाही लागू आहे. पाहुण्यावर भुंकताना मार बसला, तर कुत्रं ‘भुंकू नये’ एवढंच शिकेल याची हमी नाही. ‘पाहुणा आला की मार बसतो’ हेही शिकेल, आणि पाहुणा त्याला आणखी नकोसा होईल. पोर्तुगालमधल्या प्रशिक्षण शाळांतल्या 92 कुत्र्यांवरचा अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. झटके आणि ओरडा यांवर चालणाऱ्या शाळांतल्या कुत्र्यांच्या लाळेत शिकवणीनंतर ताणाचं संप्रेरक जास्त वाढलेलं आढळलं, आणि ताणाच्या हालचालीही जास्त दिसल्या.

‘त्याला दाखवून द्या मालक कोण’ या सल्ल्याचा उगमही तपासावा असा आहे. रुडॉल्फ शेंकेल यानं 1947 मध्ये बंदिस्त लांडग्यांची निरीक्षणं मांडली. एकत्र कोंडलेले प्राणी वर्चस्वासाठी झगडताना दिसले आणि ते चित्र पुढे कुत्र्यांना चिकटलं. ते लोकप्रिय करण्यात ज्याच्या 1970 च्या पुस्तकाचा वाटा होता, त्या डेव्हिड मीच यानंच 1999 मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं, म्हणजे चक्क कुटुंब. आपलं गावठी कुत्रं तर लांडगाही नाही. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे सहकारी रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतात. कुणीही न शिकवलेल्या या कुत्र्यांना त्यांनी बोटानं भांडं दाखवलं. बरीचशी भीतीनं जवळच आली नाहीत, पण जी आली त्यांतल्या सुमारे 80 टक्क्यांनी बोटाच्या दिशेचं भांडं निवडलं. 2017 च्या त्यांच्याच एका अभ्यासात अनोळखी माणसाशी पुन्हापुन्हा गाठ पडल्यावर विश्वास बसायला खाण्यापेक्षा कुरवाळणं जास्त उपयोगी पडलं.

गुरगुरणं हा माराचा सगळ्यात वाईट विषय. कुत्रं चावण्याआधी बरंच काही सांगत असतं. मान फिरवतं, ओठ चाटतं, झोप नसताना जांभई देतं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागतो, अंग ताठ होऊन क्षणभर थिजतं. हे कुणी वाचलं नाही की गुरगुरतं. गुरगुरल्याबद्दल मार दिला तर नाराजी जात नाही, फक्त इशारा जातो; मग ‘काही न करता एकदम चावलं’ असं आपण सांगत फिरतो. शेपूट हलतेय म्हणजे खूश, हेही अर्धंच खरं आहे. इटलीतल्या संशोधकांनी 2007 मध्ये दाखवलं की मालक दिसल्यावर शेपटीचा झोक कुत्र्याच्या उजवीकडे जास्त असतो, तर अनोळखी दांडगं कुत्रं दिसल्यावर डावीकडे. एवढं बारकाईनं पाहणं आपल्याला जमणार नाही, पण सैल अंगानं हलणारी शेपूट आणि ताठ अंगावर वर उभी राहून थरथरणारी शेपूट यांतला फरक पोरांनाही शिकवता येतो.

खाणं राखणाऱ्या, ताटलीजवळ गेलं की दात दाखवणाऱ्या कुत्र्याचा उपाय मला दर वेळी नर्सीची आठवण करून देतो. कयाधू नदीकाठचं नर्सी हे आपल्याच हिंगोली जिल्ह्यातलं गाव, संत नामदेवांचं जन्मस्थान मानलं जाणारं. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा लहानपणी सगळ्यांनीच ऐकलेली. कथेचा अर्थ भक्तीचा आहे, पण प्रशिक्षकांची रीतही नेमकी हीच आहे. कुत्र्याचा अनुभव असा असतो, की माणूस जवळ आला म्हणजे तोंडातलं जाणार. तो उलटवायचा. ताटलीपासून, ते शांत राहील इतक्या लांबून जा, अंड्याचा तुकडा टाका आणि परत फिरा. दिवसागणिक एकेक पाऊल जवळ. जवळ येणारा हात काही नेत नाही, भर घालतो, हे पटलं की राखण सुटते. लांबून तूप टाकायचं, धावायचं मात्र नाही. घरात लहान मूल असेल तर हा प्रयोग त्याच्या हाती कधीच देऊ नका.

शहरी पुस्तकांत भुंकणं बंद करण्याची प्रकरणं असतात. आखाड्यावर ती निरुपयोगी. रात्री रोही नाहीतर रानडुक्कर हरभऱ्यात शिरलं तर कुत्र्यानं भुंकायलाच हवं, सालगड्याची निम्मी राखण तेच करतं. हवं आहे ते भुंकून थांबणं. माणूस आला, कुत्रं तीन-चारदा भुंकलं, की ‘बस’ म्हणून नाकाशी तुकडा न्या. हुंगताना भुंकणं थांबतंच. त्याच क्षणी ‘हां!’ आणि तुकडा. पुढे तुकडा नाकाशी न नेता नुसतं ‘बस’ म्हणायचं, बक्षीस नंतर.

रस्त्यावरच्या पाठलागालाही हाच मार्ग, पण धीर जास्त लागतो. मराठवाड्यात दिसणारी कारवान कुत्री तर नजरेनं शिकार धरणारी. पळणारं काही दिसलं की पाय सुटतातच. दोरीला धरून, गाडी दिसेल पण ताण येणार नाही इतक्या लांब बसा. गाडी दिसली की तुकडे सुरू, गेली की बंद. आधी उभी गाडी, मग ढकलत नेलेली, मग चालू. अंतर कमी करण्याची घाई केली आणि कुत्रं ताणलं गेलं, तर दोन पायऱ्या मागे. तोवर मधल्या काळात वर्दळीच्या वेळी ते रस्त्यावर जाणार नाही एवढं कुंपण हवं, नाहीतर तुमचे दहा धडे रस्ता एका सकाळी पुसून टाकतो. गाडीवरच्यानं वेग कमी केला तर पाठलागाची मजा बरीचशी तिथेच संपते.

ही पद्धत हौशी लोकांपुरती आहे असं वाटत असेल, तर मुंबई पोलिसांच्या जंजीरकडे पाहावं. पुण्याच्या शिवाजीनगरातल्या गुन्हे अन्वेषण विभागाच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात शिकलेला हा लॅब्रडॉर डिसेंबर 1992 मध्ये बॉम्बशोधक पथकात आला. मार्च 1993 च्या स्फोटांनंतर 3,329 किलो आरडीएक्स, 600 डिटोनेटर आणि 249 हातबॉम्ब शोधण्याचं श्रेय त्याच्या नाकाला दिलं जातं. वास हुडकण्याचं काम मारून करून घेता येत नाही, कारण कुठे हुंगायचं हे माणसालाच ठाऊक नसतं. म्हणून बॉम्बशोधक कुत्र्यांना वासाशी खेळण्याची किंवा खाण्याची सांगड घालून देतात, आणि वास सापडला की न ओरबाडता शांत बसायला शिकवतात.

पिल्लू आणायचं असेल तर आठ आठवड्यांआधी आईपासून तोडू नका. साधारण तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यात पिल्लू जे शांतपणे पाहतं, त्याची पुढे धास्ती कमी घेतं: ट्रॅक्टर, हळद शिजवायचा कुकर, टोपीवाली माणसं, पोरांचा गलका. लसी पुऱ्या होईपर्यंत अनोळखी कुत्र्यांपासून लांब ठेवून, कडेवर घेऊन हे सगळं दाखवता येतं.

कुत्र्याचा स्वभाव अचानक पालटला, हात लावला की कळवळून चावू लागलं, तर आधी पशुवैद्यकाकडे न्या. कान, दात, सांधे दुखत असतील तर तुकड्यानं भागत नाही. रेबीजची लस पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी. आणि कुठलंही कुत्रं चावलं, अगदी घरचं असलं तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुवायची, हळद-चुना काही भरायचं नाही, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठून लसीचे सगळे डोस पुरे करायचे.