व्हीपीने आलेलं पिस्तूल

जुन्या मासिकांची मागची पानं हा एक वेगळाच बाजार असे. पुढे कथा, कविता, ललित. मागे केस वाढवणारं तेल, नशीब उघडणारी अंगठी, दोन बँडचा ट्रान्झिस्टर आणि कोडं सोडवणाऱ्याला हमखास घड्याळ. याच गर्दीत काडेपेटीएवढ्या चौकटीत एक काळंभोर पिस्तूल असायचं. अमेरिकन मॉडेल, लायसन्सची गरज नाही, चोर आणि जंगली जनावरं पळवायला आणि नाटकाला उपयुक्त. पत्ता बहुधा दिल्ली-६, नाहीतर अलीगढ किंवा कानपूर. १५ ऑगस्ट १९७२ला पिनकोड आले आणि दिल्ली-६चं ११०००६ झालं, तरी त्या चौकटीत फरक पडला नाही.

हल्ली दिल्लीत राहून जुन्या दिल्लीच्या त्या गल्ल्यांतून जाताना मला हसू येतं, कारण महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या एका अख्ख्या पिढीला ही राजधानी संसदेच्या आधी व्हीपी (व्हॅल्यू पेएबल) पार्सलांमुळे माहीत झाली होती. माझ्या एका मामाने मिरज तालुक्यातल्या त्याच्या गावी असंच एक पिस्तूल मागवलं. पाच रुपये मनिऑर्डरने आगाऊ, बाकीचे पोस्टमनच्या हातात. मांजरपाटात शिवलेलं, लाखेचे ठिपके मारलेलं पुडकं. पैसे दिल्याशिवाय ते उघडता येत नसे. उघडल्यावर ओतीव धातूचा एक ठोकळा निघाला. हाताला वजनदार, पण नळीत डोकावलं तर दोन बोटांवर वाट बंद. सोबत टिकल्यांची डबी. गावातल्या गणपतीच्या नाटकात त्याचा पहिला प्रयोग झाला. चाप ओढला, काही वाजलं नाही. खलनायक बिचारा ठरल्याप्रमाणे पडला, आणि तो पडून झाल्यावर मग बार उडाला. मामाने दिल्लीला तक्रारीचं कार्ड टाकलं. उत्तरादाखल छापील नवा कॅटलॉग आला.

ही विक्री बेकायदा होती असं नाही. १९५९चा शस्त्र कायदा (तो अमलात आला १ ऑक्टोबर १९६२ला) ‘शस्त्र’ कशाला म्हणायचं ते सांगताना लाठी आणि साधी हातकाठी वगळतो. खेळण्यापलीकडे ज्यांचा काही उपयोग नाही आणि ज्यांचं खऱ्या हत्यारात रूपांतर करता येणार नाही, अशा वस्तूही वगळतो. दिल्लीच्या जाहिरातवाल्यांचा सगळा धंदा या सवलतीवर उभा होता. नळी बुजलेली ठेवायची आणि चित्र मात्र असं काढायचं की पाहणाऱ्याला ती आरपार वाटावी. टपालखात्यालाही हरकत घ्यायला जागा नव्हती. १८९८च्या टपाल कायद्याचं एकोणिसावं कलम स्फोटक आणि घातक पदार्थ टपालातून पाठवायला मनाई करायचं, आणि या पिस्तुलात घातक असं काही नव्हतंच. व्हीपीची सोय इंग्रजांनी १८७७मध्ये सुरू केली होती. न पाहिलेल्या दुकानदारावर विश्वास टाकायला ती शिकवत होती, आणि आपल्याकडच्या अनेकांनी तो विश्वास आधी या अशा वस्तूंवर टाकला.

खरी बंदूक घरबसल्या मागवणारेही या देशात होते. फक्त ते कोण होते, हे पाहायला हवं. लंडनच्या आर्मी अँड नेव्ही सोसायटीने १८९१ला मुंबईत दुकान उघडलं. काळा घोड्याजवळची ती इमारत अजून त्याच नावाने ओळखली जाते. १९०१ला कलकत्त्यातही शाखा निघाली. तिचा कॅटलॉग म्हणजे वीटच. त्यात तंबू, खुर्च्या, मुरंबा, औषधं आणि शिकारीच्या बंदुका एकाच शिस्तीत मांडलेल्या. दूरच्या जिल्ह्यातल्या साहेबाने क्रमांक लिहून पत्र टाकायचं की सामान रेल्वेने रवाना. लिटनच्या १८७८च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाच्या तलवारीलाही परवाना लावला होता आणि युरोपियनांना त्यातून मोकळं ठेवलं होतं. म्हणजे एकाच कॅटलॉगचं एकच पान, पण कलेक्टरला ते दुकान आणि त्याच्या शिरस्तेदाराला नुसतं चित्र. संस्थानिकांची गोष्ट वेगळी. त्यांची मापं घेऊन लंडन-बर्मिंगहॅमचे कारागीर बंदुका घडवत, पत्रव्यवहार वर्षभर चाले. गांधीजींनी पुढे लिटनच्या या कायद्याला इंग्रजी राज्याच्या कृत्यांपैकी सर्वांत काळं म्हटलं, ते उगाच नव्हे.

ज्यांना कॅटलॉग बंद होता त्यांनी मग दुसऱ्याच्या पार्सलवर डोळा ठेवला. २६ ऑगस्ट १९१४ला कलकत्त्यात रॉडा कंपनीचा माल गोदीतून सोडवून आणताना दहा पेट्या वाटेतच गडप झाल्या. त्यांत पन्नास माउझर पिस्तुलं होती आणि सेहेचाळीस हजार काडतुसं. माल सोडवायला गेलेला कारकूनच क्रांतिकारकांना सामील होता. त्याआधी, १९०९मध्ये, सावरकरांनी लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुलं चतुर्भुज अमीन याच्या ट्रंकेच्या चोरकप्प्यातून मुंबईला धाडली होती. त्याच वर्षी २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद थिएटरात ‘शारदा’ नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरेने कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, आणि तपास त्या ट्रंकेपर्यंत पोचला.

अमेरिकेतली म्हातारी माणसं मात्र टपालाने येणाऱ्या बंदुकीच्या विषयावर फार हळवी होतात. तिथे सिअर्स-रोबकच्या कॅटलॉगमधून शेतकरी शिवणयंत्र, बियाणं आणि शॉटगन एकाच फॉर्मवर मागवायचा. पोराला पहिली रायफल टपालाने आल्याची आठवण तिथे घराघरात निघते. आपल्याकडे पहिल्या सायकलची निघते तशी. ओळखपत्र कोणी मागत नसे. मार्च १९६३मध्ये डॅलसच्या पोस्ट बॉक्स क्रमांक २९१५वर ए. हिडेल या नावाने एक इटालियन कारकानो रायफल आली. मासिकातलं कूपन कापून शिकागोच्या क्लाइन्स या दुकानाला पाठवलेलं, दुर्बिणीसकट किंमत १९ डॉलर ९५ सेंट, टपालखर्च धरून २१.४५, पैसे पोस्टाच्या मनिऑर्डरने. त्याच माणसाने लॉस एंजेलिसहून एक रिव्हॉल्व्हरही मागवलं होतं: दहा डॉलर आगाऊ, उरलेले माल ताब्यात घेताना. माझ्या मामाचीच पद्धत. हिडेल म्हणजे ली हार्वे ऑस्वाल्ड. २२ नोव्हेंबरला केनेडींचा खून झाला आणि रात्र सरायच्या आत तपास यंत्रणेला क्लाइन्सच्या मायक्रोफिल्मवर ते कूपन सापडलं, ऑस्वाल्डच्या हस्ताक्षरासकट. टपालाने बंदूक मिळणं जितकं सोपं होतं, तितकंच ती कोणी घेतली हे शोधणंही सोपं ठरलं. तरी राज्याराज्यांतली ही टपालविक्री बंद करणाऱ्या कायद्यावर सही व्हायला २२ ऑक्टोबर १९६८ उजाडावं लागलं. मधल्या काळात मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांचेही बळी गेले होते.

याच्या उलट दिल्लीचा दाखला पाहा. ३० जानेवारी १९४८ला बिर्ला हाउसमध्ये गांधीजींवर वापरलं गेलेलं पिस्तूल इटालियनच होतं, १९३४च्या मॉडेलचं बेरेटा, क्रमांक ६०६८२४. नथुराम गोडसे आणि नारायण आपटे यांना खात्रीचं पिस्तूल हवं होतं. ते ग्वाल्हेरला गेले आणि तिथे ते मिळवून रेल्वेने दिल्लीला परतले. हत्यारावर कारखान्याचा क्रमांक स्वच्छ कोरलेला, पण ते कोणाकडून कोणाकडे गेलं याची एक पावती नाही, एक सही नाही. लाल किल्ल्यातल्या खटल्यात ती साखळी माणसांच्या जबान्यांवरून जुळवावी लागली. ग्वाल्हेर हे मराठी माणसाचं जुनं संस्थान. तिथल्या ओळखीपाळखीने जे काम झालं ते कोणत्याही कॅटलॉगने झालं नसतं, हे लिहितानाही बरं वाटत नाही.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात, त्याच शहरात, घटना समितीपुढे शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा प्रश्न आला. काँग्रेसने १९३१च्या कराची ठरावात नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्क मान्य केला होता. हरि विष्णु कामथांनी त्याचीच आठवण देऊन तो मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती सुचवली. डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. ज्याला वाटेल त्याने बाजारात जावं आणि हवी ती हत्यारं बिनरोखटोक विकत घ्यावीत, असं झालं तर राज्यकारभार चालायचा कसा, असा त्यांचा सवाल होता. परक्या सरकारने नि:शस्त्र केलेल्या देशाची जुनी मागणी त्या दिवशी आपल्याच माणसाने बाजूला ठेवली. मला ते पटतं. दहा महिन्यांपूर्वीची ती संध्याकाळ त्या सभागृहात कोणी विसरलं असेल असं वाटत नाही.

तेव्हापासून आपल्याकडे बंदुकीसाठी टपालाने जाऊ लागले ते कागद. अर्ज, पोलिसांचा चौकशी अहवाल, परवान्याची साक्षांकित प्रत, डिमांड ड्राफ्ट. कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीचं पॉइंट थर्टीटू रिव्हॉल्व्हर घ्यायचं म्हणजे ड्राफ्ट पाठवून नंबर लावायचा, बोलावणं आलं की मूळ परवाना घेऊन स्वतः कानपूर गाठायचं, परवान्यावर नोंद करून घ्यायची आणि परतल्यावर पुन्हा आपल्या शहरात ते दाखवायचं. दिल्लीकरांच्या अर्जांची वारी पोलिसांच्या लायसन्सिंग ब्रँचमध्ये. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला सामान्य माणसाला विलायती शस्त्र आयात करणं बंद झालं आणि आजोबांच्या कपाटातल्या जुन्या वेब्लीला एकदम लाखांचा भाव आला. कानपूरनेच जानेवारी २०१४मध्ये ‘निर्भीक’ काढलं. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२च्या अत्याचारानंतर स्त्रियांसाठी म्हणून आलेलं हे अर्ध्या किलोचं रिव्हॉल्व्हर, तेव्हाची किंमत १ लाख २२ हजार ३६० रुपये. दिल्लीत रात्री बस धरून घरी परतणाऱ्या मुलीच्या किती महिन्यांच्या पगारात ते बसतं, हा हिशेब ते रिव्हॉल्व्हर काढणाऱ्यांनी केला नसावा.

या सगळ्यात एक वाट मात्र उघडी राहिली, नेमबाजीची, आणि तिच्या तोंडाशी एक मराठी माणूस उभा आहे. लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर यांच्या पुढाकाराने १९५१मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली. मावळंकर स्पर्धा त्यांच्याच नावाने भरते. खेळाडूला आयातीची मुभा असते, शस्त्रांच्या संख्येतही सवलत असते. तुघलकाबादची कर्णी सिंग रेंज १९८२च्या आशियाई खेळांसाठी बांधली गेली. अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि पॅरिसला २०२४मध्ये कांस्यपदक घेणारा राधानगरी तालुक्यातला स्वप्नील कुसाळे, ही सगळी त्याच वाटेवरची माणसं. कोल्हापूरकडच्या पोरांची सुरुवात आजही छऱ्याच्या बंदुकीने होते. ठरावीक शक्तीपर्यंतच्या, पॉइंट वन सेव्हन सेव्हन छऱ्याच्या बंदुकीला शस्त्रपरवाना लागत नाही, आणि ती कुरिअरने घरपोच येते. मागच्या पानावरची जाहिरात जे नुसतं म्हणायची, ते इथे खरं झालं, असं म्हणता येईल.

बाकी दोर आवळतच गेले. १४ डिसेंबर २०१९पासून एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं; तिसरं वर्षभरात पोलिसांकडे किंवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करायचं. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणाऱ्याला, आणि नोएडा-गुडगावकडे ही हौस अजून जिवंत आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. परवाने राष्ट्रीय नोंदीत चढले, प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक मिळाला.

आणि दिल्ली-६ची ती चौकट? ती आता फोनवर आली आहे. समाजमाध्यमांवर पिस्तुलांचे फोटो, एखाद्या गाजलेल्या टोळीचं नाव, ‘होम डिलिव्हरी’चं आश्वासन आणि आगाऊ रक्कम पाठवायला एक क्यूआर कोड. दिल्ली पोलिसांनी अशी फसवणूक करणाऱ्यांना पकडलं आहे. त्यांच्याकडे विकायला हत्यार नव्हतंच, नुसते इंटरनेटवरून उचललेले फोटो होते. व्हीपीच्या काळात निदान पोस्टमन दारात यायचा, पुडक्यात ठोकळा तरी असायचा आणि तक्रारीचं कार्ड टाकायला पत्ता असायचा. इथे पैसे गेलेलं गिऱ्हाईक ठाण्यात जाऊन सांगणार काय, की मी विनापरवाना पिस्तूल मागवलं होतं आणि ते आलंच नाही?