मुंबईचा रॉक, झाडीपट्टीचे कान

एक रॉक बँड. स्थापना १९८४, मुंबई. पहिलं नाव रॉक मशीन. १९९३पासून इंडस क्रीड.

त्या काळी इथले बहुतेक रॉक बँड परदेशी गाणी हुबेहूब वाजवून टाळ्या घेत. या मंडळींनी स्वतःची गाणी रचली आणि १९८८मध्ये ‘रॉक एन रोल रेनेगेड’ हा अल्बम काढला. १९९०मध्ये ‘द सेकंड कमिंग’ आला. नाव बदलल्यावर संगीतात भारतीय रंग अधिक मिसळला. १९९५चा ‘इंडस क्रीड’ ऐकावा. आमच्या मते त्यांचं खरं वय तिथे कळतं.

१९९७मध्ये बँड थांबला. २०१०मध्ये गायक उदय बेनेगल, गिटारवादक महेश तिनईकर आणि कीबोर्डवादक झुबिन बालापोरिया पुन्हा एकत्र आले. बास आणि ड्रम्सवर नवे, तरुण हात आले. २०१२चा ‘इव्हॉल्व्ह’ म्हणजे आधीच्या अल्बमनंतर तब्बल १७ वर्षांनी. जुन्याच गाण्यांवर कार्यक्रम सहज भागले असते, तरी त्यांनी नवी गाणी केली. याचं कौतुक अधिक.

गोंदियाकरांना हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड रंगमंचाशीच रात्रभर वाजतात आणि प्रेक्षक पहाटेपर्यंत हलत नाहीत. विदर्भ एक्सप्रेस मुंबईहून थेट गोंदियाला येते. मुंबईच्या रॉक बँडनाही एकदा तिच्यात बसायला हरकत नसावी.